पुस्तकाच्या पलीकडली पोरगी

मला राग पटकन येतो. लहानपणी यायचा, नोकरीत असताना यायचा, आता हातपाय थकले तरी येतो. लोक म्हणतात, बाई कडक होत्या म्हणून आमच्या पोरी शिकल्या. म्हणोत बापडे. त्या कडकपणापायी एक पोरगी शाळेतून कायमची उठली, हे त्यांना कुठं माहीत आहे? मी कधी सांगितलंच नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होते?

इंग्रजी अमलातली गोष्ट. नवरा गेला, भावानं ट्रेनिंगला घातलं, आणि ते संपवून मी म्युनिसिपालटीच्या मुलींच्या शाळेत लागले. शाळा तांडापेठेच्या अंगाला, कोष्ट्यांच्या वस्तीला लागून. दोन खोल्या, एक ओसरी, वर कवेलूंचं छप्पर. माझ्याकडे पहिली. चाळीसच्या वर पोरी आणि वाचनाची पुस्तकं दहा-अकरा. पोरीच्या जातीसाठी पुस्तक विकत घेणारे आईबाप तेव्हा किती असणार? म्हणून आमची रीत अशी की तरटपट्टीवर मधोमध पुस्तक उघडून ठेवायचं आणि त्याच्याभोवती चार पोरी बसवायच्या. एकीनं बोट ठेवून म्हणायचं, बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणायचं. तेव्हा पुष्कळ शाळांतून असंच चालायचं. मी स्वतः अशीच शिकले होते.

जी आधी येईल ती पुस्तकासमोर बसायची. उशिरा येणारीला बाजूची जागा, आणि सगळ्यात शेवटी येणारीला पलीकडची. कोष्ट्यांच्या पोरी शेवटीच यायच्या. माग चालवायचा तर सुतानं भरलेल्या कांड्या लागतात, आणि त्या भरायचं काम घरातल्या पोरींचं. सकाळी उठल्यापासून रहाट फिरवून कांड्या भरायच्या, बापाला दिवसभर पुरतील इतक्या झाल्या की मग पाटी घेऊन धावत सुटायचं. हजेरी संपता संपता त्या दारात उभ्या. मी रोज ओरडायची. काही उपयोग नव्हता, पण ओरडायची.

त्यांच्यातली एक सहा-सात वर्षांची. कानात निंबाची काडी, अंगाला सुताला लावायच्या खळीचा वास. तिला शाळेत घालायला बाप स्वतः आला होता. हात जोडून नाही, ताठ उभा राहून बोलला. "बाई, मले काई तिची हाजरी लावून ठेवाची नाही. एक साल देतो. वाचाले आली तं ठेवतो, जितलं शिकन तितलं शिकवतो. नाही आली तं रहाटावर बसवतो. घरात कांड्या भराले माणूस नाही." मी म्हटलं, "वर्षात वाचेल. माझा शब्द." काय माझा तोरा! बाप निघून गेला. पोरगी मागं राहिली आणि माझ्या तोंडाकडे असं पाहायला लागली, जसं आता मी म्हटलं म्हणजे झालंच.

आता मी काय पाहिलं ते सांगते. चौथीच्या बाई आजारी पडल्या म्हणून आठ दिवस मी त्यांचा वर्ग घेतला. चौथीतल्या पोरी! त्यांना मी तिसरीच्या पुस्तकातला एक धडा मधूनच काढून दिला, तर चारपाच जणींना एक ओळ लागेना. पहिल्या ओळीपासून सुरू करू द्या, म्हणे. सुरू करू दिलं की घडघडा पानभर. मधेच बोट ठेवून "हा कोणता शब्द?" म्हटलं की गप्प. चार वर्षं या पोरी सुरात सूर मिळवून वर चढल्या होत्या, आणि कोणाच्या बापाला पत्ता नव्हता. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंना, जाऊन सांगितलं. त्या पान लावत होत्या. म्हणाल्या, "अवं, हे काय तुला आज समजलं?" मग त्यांनीच मला शाळेची जुनी रीत सांगितली. वर्षातून एकदा तपासणीच्या बाई यायच्या. त्याच्या आदल्या दिवशी कच्च्या पोरींच्या घरी निरोप जायचा, उद्या पोरीला पाठवू नका. बाई यायच्या, पक्क्या पोरी वाचून दाखवायच्या, शेरा चांगला पडायचा. दुसऱ्या दिवशी कच्च्या पोरी परत जागेवर. "कोणाचं काही बिघडतं का?" मोठ्या बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "हे पाप आहे." त्या हसल्या आणि पान तोंडात घातलं.

मी ठरवलं, माझ्या वर्गातलं हे थोतांड पहिलीतच पकडायचं. इतवारीच्या कापडवाल्याकडे ठाणात घालायचे पुठ्ठे मिळायचे, ते मागून आणले, सारखे कापले, एकेकावर एकेक अक्षर मोठं काढलं. दिवाळीच्या आधी रोज चारपाच पोरींना ओसरीत एकेकटीला घेऊन बसायची. ना चित्र, ना मैत्रीण, ना सूर. पुठ्ठा डोळ्यांसमोर धरायचा आणि विचारायचं, हे काय? ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या डोक्यातून निघालं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. अभिमान कसला, माजच.

सात पोरी सापडल्या. सातही जणींना झालेले सगळे धडे तोंडपाठ आणि अक्षर एक येईना. त्या सातांत कोष्ट्याची ती पोरगी होती. मला धक्काच बसला, कारण वर्गात ती सगळ्यांत खणखणीत म्हणायची. "आई घरी आहे, गाय दारात आहे" असं तिचं सुरू झालं की शेजारच्या चौकडीतल्या पोरी तिच्यामागून म्हणायच्या. पण पुठ्ठा समोर धरला की ठप्प. मान एकदम खांद्यावर टाकायची, आणखी वाकडी करायची, पार खाली नेऊन पाहायची. मी म्हणायची, "मान सरळ ठेव. नीट पाहा." एकदा तिनं माझ्या हातातला पुठ्ठाच फिरवायला हात घातला. मी तिच्या हातावर चापट मारली, हनुवटी धरून तोंड समोर केलं आणि म्हटलं, "सांग आता." ती माझ्याकडे पाहात राहिली. पुठ्ठ्याकडे पाहिलंच नाही.

बाकीच्या सहा जणींना मी शाळेच्या आधी अर्धा तास बोलवायला लागले. धुळीत बोटानं गिरवायचं, पुठ्ठे ओळखायचे, पुठ्ठे जोडून शब्द करायचे. दोन महिन्यांत पाच पोरी वाचायला लागल्या. सहावी रखडत का होईना, पण लागली. मी तर हवेत! कोष्ट्याची पोरगी मात्र त्या वेळी येऊ शकत नव्हती, तिच्या कांड्या व्हायच्या होत्या. तिला मी मधल्या सुट्टीत धरायची. बाहेर पोरी फुगड्या घालून राहिल्या आहेत आणि ही माझ्यापुढे, घामाघूम. पाटीवर अक्षर काढ म्हटलं तर अक्षर डोक्यावर उभं करायची. एकदा, दोनदा, दहादा. मला वाटलं, ही माझी थट्टा करते. पाटी हिसकून पुसायची मी. पुस्तक सरळ तिच्यापुढे ठेवून धडा म्हणायला लावला तर तिचं बोट भलत्याच बाजूनं धावायचं, ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे. मी मनात म्हटलं, पाहा, नुसती घोकंपट्टी, अक्षराशी संबंध नाही. मला सगळं दिसत होतं. एवढं एवढं लख्ख दिसत होतं, आणि मी आंधळी.

माघात तपासणी आली. मोठ्या बाईंनी सहज सुचवलं, "त्या कोष्ट्याच्या पोरीला उद्या घरी राहू दे. पुढल्या वर्षी बसेल तुझ्या हाताखाली, येईल हळूहळू. तिच्या बापाला काही सांगू नको म्हणजे झालं." मी फणकारले. म्हटलं, "मी खोटेपणा करणार नाही. तपासणीच्या बाईंना कळू दे अशा पोरी आहेत म्हणून. त्यांच्यासाठी वेगळी बाई द्या, वेळ द्या, असं मी मागणार आहे." आणि मी वर्गाच्या रजिस्टरात, शेऱ्याच्या रकान्यात, तिच्या नावापुढे लिहिलं: बुद्धी मंद, अक्षरओळख होत नाही. छान वळणदार लिहिलं. मला खरंच वाटत होतं की खरं लिहिलं म्हणजे मदत येते.

तपासणीच्या बाई आल्या. वाईट नव्हत्या, घाईत होत्या. रजिस्टर पाहिलं, त्या पोरीला उभं केलं. मीच माझे पुठ्ठे पुढं केले. पोरीनं पहिला पुठ्ठा पाहिला आणि मान वाकडी करायला लागली, मग माझ्याकडे नजर गेली तशी तिनं आपली मान आपणच सरळ केली. पाच पुठ्ठे झाले. एक अक्षर नाही. बाई म्हणाल्या, जागा कमी आहे, दारात दुसऱ्या मुली उभ्या आहेत, अशांना घरी पाठवा. मी वेगळ्या बाईचं बोलले. त्या म्हणाल्या, "वर लिहून कळवा." बस्स. त्यांनी तिचं नाव कापलं. शाळेतलं दुसरं नाव कापलं नाही. कापायला दुसरं नावच नव्हतं, कच्च्या पोरी सगळ्या त्या दिवशी घरी होत्या.

बापाला बोलावलं. मोठ्या बाईंनी त्याला शेरा वाचून दाखवला, कारण मी दाखवू शकले नाही, मी दारामागं उभी होते. त्यानं विचारलं, "मंद म्हणजे?" मोठ्या बाईंनी जरा सावरून सांगितलं. तो पोरीचा हात धरून उभा होता. एवढंच म्हणाला, "बरं झालं, सालभरात समजलं." पोरगी जाताना पाटी घ्यायची विसरली.

ती पाटी घेऊन मी चार दिवसांनी त्यांच्या घरी गेले. पाटी काय, कोणाच्या हाती पाठवता आली असती. मला राहवत नव्हतं. आत खड्ड्यात पाय सोडून बाप मागावर बसलेला, भिंतीशी पोरगी रहाटावर. आईनं मला पाट दिला. मी पिशवीतून वाचनाचं पुस्तक काढलं. आईला दाखवायला, की हे पाहा, इथपर्यंत आमचं झालं, पुढचं घरी कोणी शिकवलं तर. घरी कोण शिकवणार होतं? पण काहीतरी बोलायचं म्हणून. पुस्तक मी माझ्या मांडीवर उघडलं होतं, माझ्याकडे तोंड करून. पोरगी माझ्यासमोर, पुस्तकाच्या पलीकडे, हातात कांडी.

ती वाचायला लागली.

हळू, अडखळत, पण अक्षरागणिक. "वि... हि... री... वर... मो... मोट." हा धडा वर्गात झालाच नव्हता. शेवटून तिसरा धडा! मी पान उलटलं. तिनं तेही वाचलं, कांडीच्या टोकानं तिच्या उजवीकडून डावीकडे, खालून वर. मी पुस्तक उचललं, सरळ फिरवून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "वाच." ती गप्प. पुन्हा उलटं केलं. वाचायला लागली.

सात-आठ महिने ती रोज शेवटी आली होती आणि रोज पुस्तकाच्या पलीकडे बसली होती. तिला अक्षरं अशीच भेटली होती, पाय वर आणि डोकं खाली. तिच्या हिशेबी अक्षर असंच असतं. बाकीच्या सहा जणींना येत नव्हतं, त्यांनी घोकलं होतं. हिला येत होतं. माझ्या सगळ्या वर्गात कोणी न शिकवता, आपल्या बुद्धीनं, भलत्या बाजूनं, वाचायला शिकलेली हीच एक होती. आणि तिच्या नावापुढे मी काय लिहिलं? मी तिथंच तोंडाला पदर लावून रडले. बाप मागावरून उठून आला. त्याला वाटलं, बाईंना भोवळ आली.

तशीच उठले ती मोठ्या बाईंच्या घरी. कोणतीही दुसरी बाई मला म्हणाली असती, मी सांगत होते ना. त्या म्हणाल्या नाहीत. ऐकून पानाचा डबा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "शेरा गेला वर, तो आता निघत नाही. पण पोरगी आण. बिननावाची बसव. उन्हाळ्यानंतर नवीन नाव घालू, कोण विचारतं." ज्या रीतीला मी पाप म्हटलं होतं, तिच्याच आडोशानं त्या मला वाट काढून देत होत्या. मी त्यांच्या पाया पडले.

बापाकडे गेले. तो जरा चिडला, आणि चिडणारच. "तुमीच लिहिलं का येत नाही. आता तुमीच म्हणता का येते. मी कोनतं खरं धरू?" मी म्हटलं, दुसरं. पहिलं माझी चूक. पुस्तक उलटं धरून त्याच्यासमोर तिला वाचायला लावते म्हटलं. मागावरचा तुटका धागा जोडत तो म्हणाला, "नेता तं न्या. मी नाही नाही म्हणत. कांड्याचं पाहून घेऊ." त्याला वाचता येत नव्हतं, पण पोरीनं वाचावं हे त्याला मनापासून हवं होतं. ते मला त्या दिवशी दिसलं.

सगळी दारं उघडली होती. फक्त तिनं म्हटलं, "मी नाही येत."

"काहून वं?" मी विचारलं.

"मी मंद हाओ."

त्या चार दिवसांत तिनं आईला त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला होता. डोस्क्यात काही शिरत नाही त्याले म्हणतात, असं आईनं साधंसरळ सांगितलं होतं. मी खाली बसले, तिच्या उंचीला आले. म्हटलं, "नाही वं माय. तू मंद नाही. तुला वाचता येतं. परवा वाचलं ना? मी चुकीचं लिहिलं. माझी चूक झाली."

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. मी खोटं बोलून राहिले असं तिला वाटलं असावं, लहान पोराला समजावताना मोठी माणसं बोलतात तसं. "बाईची चूक कशी होईन?" ती म्हणाली.

मी पुस्तक उलटं करून तिच्यापुढे धरलं. तिनं पाहिलं नाही. आईनं दटावलं तेव्हा पाहिलं, पण ओठ उघडले नाहीत. परवा जे वाचलं होतं ते तिनं न कळत वाचलं होतं, कोणी विचारलं नव्हतं म्हणून वाचलं होतं. आता विचारणारी समोर होती, तीच जुनी. मी पुढल्या रविवारी गेले. त्याच्या पुढल्या रविवारी गेले. खाऊ नेला, पुठ्ठ्यांवर उलटी अक्षरं काढून नेली, एकदा दुसऱ्या पोरीला सोबत नेलं की तिच्या नादानं तरी म्हणेल. मला पाहिलं की तिचं अंग आखडायचं. एकदा मी सहज तिच्या केसांवरून हात फिरवायला गेले तर तिनं डोळे गच्च मिटले. मी तिला फक्त एकदाच चापट मारली होती, असं मी मनाशी म्हणायची. एकदा की दोनदा, आता आठवत नाही. आठवत नाही म्हणजे जास्तच असेल.

मोठ्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. बापानं ठेवला. मी चुकले हे साऱ्यांना एका वाक्यात पटलं. तिला मात्र माझं पहिलंच म्हणणं पटून बसलं होतं, कारण तिचा माझ्यावर विश्वास सगळ्यांहून जास्त होता.

पाचव्या की सहाव्या रविवारी तिची आई मला दाराबाहेरच भेटली. तिनं मला आत बोलावलं नाही. डोक्यावरचा पदर नीट करत, माझी नजर टाळत म्हणाली, "बाई, रागावू नोका. तुमी येऊन गेल्या का ते दोन दोन दिस जेवत नाही. निजेत दचकते. आमाले शिकवाचं होतं, खरं सांगतो, लय होतं. पन आता नोका येत जाऊ."

मी "बरं" म्हटलं. त्यानंतर मी गेले नाही.